पेट्रोलची गळती आणि जुना कार्बुरेटर



गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. रात्रीं दहाच्या सुमारास निजानीज होत असतां घरांत पेट्रोलचा दर्प सुटला. पावसाच्या भयानें माझी जुनी मोटारसायकल त्या दिवशीं ओसरींत उभी केली होती. ओसरीस लागूनच देवघर, आणि देवघरांत समई तेवत होती. उठून पाहतों तों गाडीखालची फरशी वीतभर ओली! पेट्रोलची वाफ हवेपेक्षां तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाहीं. पाण्याप्रमाणें सखल बाजूस पसरते, आणि आमचें देवघर ओसरीपेक्षां दोन बोटें खालीं आहे. प्रथम समई शांत केली, विजेच्या बटणास हात न लावतां चांचपडत पेट्रोलचा कॉक बंद केला, आणि गाडी लोटीत अंगणांत नेली. दारेंखिडक्या उघड्या टाकून आम्ही सारीं मंडळी अर्धा-पाऊण तास बाहेर बसलों.

त्या बसण्यांत मला आठवलें कीं, हा वास पंधरा दिवसांपासून येत होता, आणि मुलांनीं विचारलें तेव्हां मींच त्यांना सांगितलें होतें, “जुनी गाडी आहे, थोडी गळायचीच.” आज आपल्याशीं बोलावयाचें आहे तें या “थोडी गळायचीच” विषयीं.

सोनगीर हें धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा मार्गावरील गांव. येथील किल्ला आणि येथील तांब्या-पितळेचीं भांडीं यांसाठीं तें खानदेशांत परिचित आहे. इकडे शेतावर जाण्यास, दुधाचे कॅन नेण्यास वीस-पंचवीस वर्षांपूर्वींच्या गाड्या अजून चालतात. म्हैसूरची येझदी १९९६ सालीं निघावयाची थांबली. तरी तिचा तो फटफट आवाज एखाद्या बाजाराच्या दिवशीं कानीं पडतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर बहुतेक नाहींसा झाला; त्याची जागा विजेच्या हुकमानें पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रानें घेतली. नव्या पोरांस कार्बुरेटर उघडणें शिकावेंसें वाटत नाहीं, आणि जुने मिस्तरी थकले. म्हणून गाडी ज्याची त्यानेंच थोडें समजून घेतलें पाहिजे.

समजण्यास तो कठीण नाहीं. डांसांचें औषध फवारण्याचा हातपंप आपण पाहिला असेल. नळीच्या तोंडावरून हवा वेगानें गेली कीं तेथील दाब उतरतो आणि खालचें औषध आपोआप वर चढून फवाऱ्यांत मिसळतें. हवेचा वेग वाढला कीं दाब घटतो, हा सिद्धान्त बर्नुली यानें १७३८ सालीं मांडला. मायबाख नांवाच्या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ मध्यें त्यावर फवाऱ्याचा कार्बुरेटर रचला. आपल्या गाडींतही दट्ट्या खालीं जातांना हवा ओढतो, ती हवा एका अरुंद गळ्यांतून धांवते, आणि जेट नांवाच्या पितळी छिद्रांतून पेट्रोल ओढून घेते. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. हें प्रमाण राखणें एवढेंच त्या डबीचें काम.

परंतु जेटमधून किती पेट्रोल चढेल हें त्याच्या खालच्या वाटींत तें किती उंचीपर्यंत भरलें आहे यावर अवलंबून असतें. ती उंची राखतो फ्लोट, म्हणजे तरंगा. वाटी भरत आली कीं तरंगा वर उचलला जातो आणि एक टोंकदार सुई दाबून टाकीकडील वाट बंद करतो. आपल्या घरांतील पाण्याच्या टाकीवर जो चेंडू असतो तोच हा प्रकार. माझें ठाम मत असें कीं, जुन्या गाडीचे निम्मे रोग या चेंडूपाशीं असतात, आणि आपण मात्र बाहेरचे पेंच पिळीत बसतों.

गळती शोधण्याची माझी रीत शाळेंतून आलेली आहे. इंजिन गार असतां, उघड्यावर, सारे सांधे फडक्यानें कोरडे करावे आणि त्यांवर खडूची पूड भुरभुरावी. कॉक उघडून दहा मिनिटें थांबावें. जेथें पूड प्रथम ओली होईल तेथें दोष. पेट्रोल खालीं ओघळून दुसऱ्याच जागीं टपकतें, म्हणून थेंब पडतो ती जागा खरी मानूं नये. टाकी व कॉक यांचा सांधा ओला झाला तर आंतला वायसर गेला. जुन्या कॉकांत तो बुचाच्या लाकडाचा असे व वाळला कीं आकसे. नळी ओली झाली तर ती दोन्हीं टोंकांशीं वांकवून पाहावी. रबरास बारीक भेगा दिसल्या तर टोंक कापून पुन्हां बसविण्याची काटकसर करूं नये, सबंध नळी बदलावी. वाटीचा सांधा ओला झाला तर कागदी गॅस्केट. पण सांधे सारे कोरडे राहून वाटीच्या सांडनळींतून पेट्रोल वाहत असेल, तर दोष आंत आहे: सुई नीट बसत नाहीं, किंवा तरंगा बुडतो आहे.

सुईचा दोष बहुधा कचऱ्याचा असतो. टाकींतील गंजाचा कण सुई व तिची बैठक यांमध्यें अडकला कीं वाट पुरती बंद होत नाहीं. सुईचें टोंक नखानें चांचपून पाहावें. तेथें कडें पडलेलें लागलें तर सुई व बैठक दोन्हीं बदलावीं.

माझ्या गाडीचा दोष तरंग्यांत निघाला. हा तरंगा पातळ पितळी पत्र्याचा, पोकळ, दोन अर्ध्या जोडून केलेला. कानाशीं हलविला तों आंत पेट्रोल खळखळलें. नवा मिळेना. तेव्हां तो घेऊन मी आमच्या आळींतील एका वृद्ध तांबटांकडे गेलों. त्यांना आम्ही आप्पा म्हणतों. आप्पांनीं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, आधीं याच्या पोटांतलें काढा. असाच डाख द्यायला घेतला तर माझ्या तोंडावर फुटेल.” त्यांनीं पाणी कढवून भांडें चुलीपासून दूर अंगणांत आणलें व तरंगा त्यांत बुडविला. आंतली हवा प्रसरण पावून एका जागीं बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, तेंच छिद्र. मग दुसऱ्या बाजूस त्यांनीं सुईएवढें आणखी एक भोंक पाडलें. मला नवल वाटलें. पण एका भोंकांतून आंतलें पेट्रोल निघत नाहीं, हवा आंत जाण्यास दुसरी वाट लागते. तो पुन्हां पुन्हां गरम पाण्यांत घालून दोन दिवस उन्हांत ठेवला, आणि वास पुरता गेल्यावरच डाखाचें काम झालें. पहिलें छिद्र सहज बुजलें. शेवटचें बुजेना, कारण तापलेली हवा पातळ डाख बाहेर फुंकून टाकी. आप्पांनीं तरंगा पुरता निवूं दिला आणि एकाच स्पर्शांत तें बंद केलें.

घरीं येऊन बसविला, तरी सांडनळी वाहतच राहिली! पुन्हां त्यांच्याकडे गेलों. ते हंसले व कानस घेऊन डाख घासूं लागले. डाखाचें वजन वाढलें म्हणजे तरंगा अधिक बुडतो, सुई उशिरां मिटते आणि वाटींतील पातळी वर चढते. सोनाराच्या कांट्यावर पाहिलें तों दीड ग्रॅमहून अधिक डाख निघाला होता. एवढ्याशा भारानें माझी गाडी महिनाभर काळा धूर ओकली असती. ज्यांच्या तरंग्यास डाख देतां येत नाहीं, म्हणजे जो प्लॅस्टिकचा आहे, त्यांनीं तो चिकटवण्याच्या भानगडींत पडूं नये, नवा घ्यावा.

जेट साफ करतांना तार घालूं नये. जेटवर आंकडा कोरलेला असतो तो त्याच्या छिद्राचें माप दाखवितो, आणि पितळ मऊ असतें. लोखंडी तारेचे दोनचार ओरखडे पुरेसे होतात. पेट्रोलमध्यें भिजवून सायकलच्या पंपानें हवा मारावी. भोंक उजेडासमोर धरून वाटोळें दिसलें म्हणजे झालें. त्याच वेळीं टाकीच्या झांकणांतील हवेचें बारीक भोंक पाहावें. तें बुजलें असेल तर गाडी दोन मैल चालून बंद पडते, झांकण उघडतांच पुन्हां चालू होते, आणि लोक कार्बुरेटरास दोष देतात. इकडच्या वैशाखांत टाकी कांठोकांठही भरूं नये. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनीं तापलें तर जवळजवळ दोनशें मिलिलिटर वाढतें.

हें सारें झाल्यावर मग पेंच. हलक्या हातानें मिटवून दीड फेरा उघडावा आणि इंजिन गरम असतां कमी-अधिक करून जेथें तें स्थिर चालेल तेथें थांबावें. कांहीं कार्बुरेटरांत हा पेंच हवेचा असतो, कांहींत मिश्रणाचा. दोहोंत फिरविण्याचा परिणाम उलट होतो. आपला कोणता हें ठाऊक नसतां फिरवूं नये. पुढें आठवडाभर चालवून प्लग काढून पाहावा: तपकिरी असला तर ठीक, काजळी धरली तर पेट्रोल अधिक, पांढरा फटक असला तर कमी.

तो पांढरा प्लग हल्लीं अधिक दिसूं लागला आहे. २०२३ च्या फेब्रुवारींत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें आणि २०२५ पर्यंत तें देशभर पसरलें. हें इथेनॉल उंसापासून व धान्यापासून होतें, शेतकऱ्याच्या मालास त्यानें गिऱ्हाईक मिळतें. मी त्याच्या विरुद्ध नाहीं. पण जुन्या गाडीच्या मालकानें दोन गोष्टी जाणाव्या. इथेनॉलच्या एका ग्रॅमास नऊच ग्रॅम हवा पुरते, म्हणून या मिश्रणास हवा कमी व इंधन अधिक लागतें. जेट मात्र जुन्याच मापाचा असतो. गाडी तापूं लागली तर जेटमधल्या लांब सुईची क्लिप एक खांच खालीं घ्यावी, म्हणजे सुई वर येऊन इंधन थोडें वाढतें. दुसरें असें कीं, जुन्या जातीचें रबर इथेनॉलनें फुगतें वा ठिसूळ होतें, आणि इथेनॉल हवेंतील पाणी शोषतें. पाणी फार झालें कीं तें इथेनॉलसह वेगळें होऊन तळाशीं बसतें. टाकी गंजते, वाटींत पांढरट मळी धरते. नळी व वायसर घेतांना इथेनॉल सोसणारे मागून घ्यावे. गाडी महिनाभर उभी ठेवावयाची असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

काम करतांना जवळ बादलीभर वाळू असूं द्यावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्याहून हलकें, तें पाण्यावर तरंगत आग पुढें नेतें. पेट्रोलनें भिजलेलीं फडकीं घरांत वाळत घालूं नयेत.

आमची गाडी आतां अंगणांत निंबाखालीं असते, पावसांत वर ताडपत्री टाकतों. आप्पांचा डाख अजून शाबूत आहे. या दिवाळींत तरंगा काढून गरम पाण्यांत बुडवून पाहिला, एकही बुडबुडा निघाला नाहीं. आणि रात्रीं जेवणें आटोपलीं कीं नात ओसरींतून हांक मारते, “आजोबा, कॉक बंद केला ना?” कधीं कधीं केलेला नसतो.