तार कां तुटते, सूर कां उतरतो?

गाण्याबजावण्याची आवड असलेल्या घरांतून तंबोऱ्याच्या शेजारीं आतां पुष्कळदां इलेक्ट्रिक गिटारही उभी असते. घरांतला मुलगा ती हौसेनें हातीं घेतो, सहाही तारा नीट लावतो, आणि पांच मिनिटें वाजवून होतात न होतात तोंच सूर हलतो. पुन्हां लावावें, पुन्हां हलावें! अशांतच एखादे दिवशीं बारीक तार ताडकन् तुटते. नवी घातली तर आठवड्याभरांत तीही त्याच वाटेनें जाते. मग कोणी म्हणतो, खुंट्या सैल आहेत, बदलून घ्या. कोणी म्हणतो, तारा हलक्या प्रतीच्या आहेत. आणि कोणी तर वाजविणाऱ्याच्या कानालाच दोष देऊन मोकळा होतो. हा शेवटचा आरोप सर्वांत घातक. कारण शिकणारा त्यावर विश्वास ठेवतो आणि वाद्य कोपऱ्यांत जाऊन पडतें.

खुंटीवर संशय जाणें स्वाभाविक आहे. तंबोऱ्याची खुंटी लांकडाची. भोंकांत ती केवळ घर्षणानें घट्ट राहते. म्हणून ती सरकूं लागली म्हणजे तिला खडू लावण्याची रीत आहे. गिटारची खुंटी निराळ्या जातीची असते. तिच्या पोटांत एक मळसूत्र आणि एक दांतेरी चाक असतें. मळसूत्र चाकाला फिरवूं शकतें, परंतु चाक मळसूत्राला सहसा फिरवूं शकत नाहीं. तारेनें कितीही ओढ घेतली तरी अशी खुंटी आपण होऊन उलटी फिरत नाहीं. मात्र दांत्यांमध्यें थोडी ढिलाई असते. यासाठीं सूर चढला असेल तर तार आधीं जरूरीपेक्षां जास्त उतरवावी आणि मग चढवीत चढवीत सुरावर आणून थांबावें. एवढें पथ्य पाळूनही सूर हलत असेल, तर खुंटी बहुधा निर्दोष आहे असें समजावें.

खरा अपराधी बहुधा थोडा अलीकडे बसलेला असतो. दांडीच्या वरच्या टोकाला हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी असते आणि तिच्या सहा खांचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात. गिटारवाले तिला ‘नट’ म्हणतात. रंगभूमीवरील नटाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. खांच अरुंद असेल, किंवा बारीक तारेसाठीं पाडलेल्या खांचेंत जाड तार बसविली असेल, तर तार तेथें अडकते. खुंटी फिरवितांना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, ती याचीच खूण. परीक्षा सोपी आहे. तार पडद्यावर आडवी खेचून मींड घ्यावी. मींडेनंतर सूर उतरलेला राहिला, तर खेचतांना नटच्या आंत आलेली तार परत गेली नाहीं असा त्याचा अर्थ. आतां नट आणि खुंटी यांमधील तार बोटानें हलकेच दाबून सोडावी. सूर जागेवर आला कीं चोर सांपडला!

उपाय खडूच्या नेमका उलट आहे. तंबोऱ्याच्या खुंटीला घर्षण हवें असतें. गिटारच्या नटला तें नको असतें. तार बाजूला करून खांचेंत शिसपेन्सिलीचें टोंक चार-सहा वेळां फिरवावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर खांच जाणत्या कारागिराकडून रुंद करून घ्यावी. ती खोल मात्र होऊं देऊं नये. खोल झाली कीं तार पडद्यांवर खडखडूं लागते. तार नवीच असेल तर सूर उतरण्याचें आणखी एक कारण संभवतें. खुंटीवरचे वेढे बसलेले नसतात. अशी तार बोटानें अलगद उचलून ताणावी, पुन्हां लावावी, आणि सूर उतरेनासा होईपर्यंत असें करावें.

आतां तार तुटण्याविषयीं. सर्वांत बारीक तार बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची असते. ०.०१० इंचाची तार साडेपंचवीस इंच लांबीच्या वाद्यावर, सेकंदाला सुमारें ३३० कंपनें देणाऱ्या वरच्या ‘ई’ स्वरास लावली, म्हणजे तिच्यावर सात किलोग्रॅमांहून किंचित् अधिक ओढ येते. चांगली पोलादी तार याच्या सुमारें दुप्पट ओढ सोसते. अर्थात् केवळ सुरांत लावल्यानें ती तुटावी असें कारण नाहीं. जाड तार घालूनही हा प्रश्न सुटत नाहीं. कारण तार जाड झाली कीं त्याच सुरासाठीं ओढही त्याच प्रमाणांत वाढवावी लागते.

म्हणून तुटलेली तार फेंकूं नये. ती साक्षीदार आहे. ती कोठें तुटली तें पाहावें. घोडीवर ज्या धातूच्या तुकड्यावर प्रत्येक तार टेकते, त्याला ‘सॅडल’ म्हणतात. तार तेथें तुटत असेल तर सॅडलवर कंगोरा किंवा कूस आहे. बहिर्गोल भिंगानें पाहावें, अथवा कापसाचा दोरा त्यावरून ओढावा. कूस असेल तर दोरा अडकतो. अगदीं बारीक पॉलिश कागदानें, तारेच्याच दिशेनें, ती जागा गुळगुळीत करावी. त्याआधीं तारांखालचे पिकअप चिकटपट्टीनें झांकावे. त्यांत लोहचुंबक असल्यामुळें लोखंडाचा कीस त्यांना चिकटून बसतो. तार खुंटीपाशीं तुटली तर खुंटीच्या भोंकाची कड धारदार आहे. नटपाशीं तुटली तर दोष खांचेचा. मध्येंच तुटली तर ती गंजलेली, मुरडलेली किंवा पडद्यांवर घांसून झिजलेली असावी. मुंबई-कोंकणच्या खाऱ्या दमट हवेंत हाताचा घाम तारेवर राहिला तर गंज लवकर चढतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या.

१९५४ सालीं निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींत घोडी हलती असते. तारांची ओढ एका बाजूनें आणि पाठीमागच्या स्प्रिंगांची दुसऱ्या बाजूनें, अशी ती तराजूप्रमाणें तोललेली असते. तेथें एक तार तुटली तर उरलेल्या पांचही तारांचा सूर चढतो. म्हणून अशा वाद्याच्या तारा बदलावयाच्या त्या एकेक करूनच. दांड्यानें घोडी झुकवून सोडल्यावर सूर चढलेला राहिला, तर पुन्हां नटच तपासावा. या वेळीं तार खुंटीकडे सरकून तिकडेच अडकलेली असते.

एक पेन्सिल, एक भिंग आणि पॉलिश कागदाचा एक तुकडा; एवढ्या साहित्यावर घरांतली बरीचशी तक्रार मिटते. सूर स्थिर झाला म्हणजे शिकणाऱ्याला प्रथमच कळतें कीं, इतके दिवस आपला कान खरेंच सांगत होता.