लाव्हाचा जांभा, विहिरीचे पाणी

आपल्या घराचा चिरा मूळचा लाव्हा, हे ठाऊक आहे का? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर पसरला. तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. लाव्हा थिजून काळा कातळ झाला. पुढे लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने वरचा कातळ झिजला, लोह मागे उरले. तोच आपला तांबडा जांभा.

जांभ्याला भोके फार. तो पावसाचे पाणी पितो, पण झऱ्यांवाटे सोडूनही देतो. म्हणून रत्नागिरीत धो धो पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. आम्ही म्हणतो, झऱ्याच्या वरची झाडे राखूया. पाऊस सरताच गोण्यांत माती भरून वहाळावर वनराई बंधारा घालूया.