एका तारेत दोन संसार

आजी लँडलाइनवर तासभर बोलतेय आणि त्याच तारेवर नातू सिनेमा पाहतोय. हे जमतं कसं?

फोनमधला आवाज 4 किलोहर्ट्‌झच्या आत मावतो. तांब्याची तार त्याहून कितीतरी वरच्या पट्टीतले सूर वाहू शकते. एडीएसएल हे इंटरनेटचं तंत्र तीच मोकळी जागा वापरतं, साधारण 25 ते 1,100 किलोहर्ट्‌झ. तळमजल्यावर गप्पा, वर इंटरनेट. स्प्लिटरची छोटी डबी दोघांना वेगळं ठेवते. ती काढा, रिसीव्हरमध्ये खरखर सुरू होईल.

वरच्या मजल्यावर दोनशेहून जास्त खोल्या, म्हणजे सुरांचे छोटे छोटे पट्टे, असतात. ज्या खोलीत गोंगाट, तिथे मोडेम माहिती कमी भरतो. शांत खोलीत जास्त. मला यातली ही हुशारी सगळ्यांत आवडते.

अडचण अंतराची. वरातीतला ढोल लांबून ऐकू येतो, सनई विरते. तारेतही वरचे सूर आधी विरतात. म्हणून एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घरात वेग रडतखडत.

फायबरशी बरोबरी नाहीच. पण ही तार भिंतीत आधीच आहे, नव्यानं खणावं लागत नाही. जर्मनीत आजही कोट्यवधी घरं तिच्यावरच चालतात.

तुमचा वेग अचानक पडला, तर आधी तारेचा सांधा बघा. तांबं हिरवं पडलं असेल, तर लाइनमनला तेवढंच सांगा.