सावकार कुणाची प्रजा?

१४७०च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन हा व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याच्याजवळ विकायला एक उमदा घोडा होता. जुन्नरला तिथल्या खानाने तो काढून घेतला, मग मिनतवाऱ्या करून परत मिळाला. तो घोडा घेऊन निकितीन बहामनींच्या राजधानीत, बिदरला आला. तिथल्या बाजारात काय काय मिळतं हे त्याने लिहून ठेवलं आहे: घोडे, जरीचं कापड, रेशीम. आणि त्याच दमात, काळी माणसं.

समुद्र तिथून चार-पाचशे किलोमीटर लांब. तरीही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलेला मुलगा विकत विकत शेवटी बिदरच्या चौकात उभा राहायचा. याच निकितीनने आळंदच्या जत्रेचं वर्णन केलं आहे. तिथे वीस हजार घोडे विकायला येतात, असं तो म्हणतो. आज कलबुर्गी जिल्ह्यातल्या, आपल्या अक्कलकोट-उमरग्याला लागून असलेल्या आळंदला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की एके काळी इथे घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरत असे?

बहामनी राज्याचा कर्ता वजीर महमूद गवान हाही मूळचा इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब मिळवून बसला. बाहेरून आलेल्या आफाकी सरदारांचं आणि दख्खनींचं हाडवैर होतं, आणि आफ्रिकेतून आलेले हबशी दख्खनींच्या बाजूचे. १४८१ मध्ये गवानची मानही एका हबशी गुलामाच्याच तलवारीने उडाली, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. आपल्याकडच्या गुलामीची ही चकित करणारी बाजू आहे. बाजारात विकला गेलेला माणूस इथे सरदार होऊ शकत होता. बिदर शहराच्या पूर्वेला हबशी कोट नावाची टेकडी आहे, तिच्यावर हबशी सरदारांच्या कबरी आहेत. पुढे अहमदनगरची निजामशाही सांभाळणारा मलिक अंबरही इथियोपियात जन्मून, हातोहात विकला जाऊन दख्खनला पोचला होता.

पण सरदार होणारे मोजके. बाकीच्यांची नोंद कुणी ठेवली नाही, आणि बहामनी बुडाले तरी समुद्रावरची वाट काही बुडाली नाही. एकोणिसाव्या शतकात तिचं मुख्य ठाणं होतं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं झांझिबार बेट. न्यासा सरोवराच्या भागातून माणसं पकडायची, किल्वाच्या किनाऱ्यावर आणायची आणि गलबतांत कोंबून झांझिबारला न्यायची. १८६०च्या दशकात दर वर्षी सुमारे १५ ते २० हजार माणसं या बेटावर उतरत होती.

आणि इथे आपली माणसं भेटतात. झांझिबारच्या जकातीचा मक्ता १८३०च्या दशकापासून जयराम शिवजी या मुंद्र्याच्या कच्छी भाटियाच्या पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या मालावर जकात, तशीच माणसामागेही जकात. पेढीला स्वतः गुलाम विकायची गरजच नव्हती. अरब व्यापाऱ्याला उधारीवर कापड, मणी, बंदुका द्यायच्या. तो आत जाऊन हस्तिदंत आणि माणसं आणणार. आल्यावर जकात कापून घ्यायची आणि कर्जही वसूल करायचं. हात कोरडे, वही स्वच्छ. या पेढीचा कारभारी लधा दामजी याच्यामार्फतच आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी आणि गुलामीचा कट्टर विरोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचंही सामानसुमान आत जाई, आणि ते वाहायला आलेले हमाल बनियांचे गुलाम निघाले म्हणून त्याने पत्रांतून आगपाखड केली.

ब्रिटिशांकडे कायदे होते. १८४३च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातल्या कोर्टांनी गुलामावरचा मालकीहक्क मानायचं बंद केलं. त्याच वर्षी विलायतेच्या पार्लमेंटने ठरवलं की ब्रिटिश प्रजाजनाने जगात कुठेही गुलाम विकत घेणं हा गुन्हा. अडचण एकच, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. ब्रिटिश प्रजा म्हणायचं कुणाला? मुंबईचा माणूस ब्रिटिश प्रजा. पण कच्छ म्हणजे रावांचं संस्थान. बिदर आणि गुलबर्गा निजामाचे. कंपनीच्या कायद्याची हद्द सोलापूरकडून येताना अक्कलकोटच्या अलीकडेच संपायची. मग झांझिबारमध्ये दुकान थाटलेला मुंद्र्याचा भाटिया नेमका कुणाचा?

मुंबईच्या फौजेतला अधिकारी क्रिस्टोफर रिग्बी १८५८ मध्ये झांझिबारला वकील म्हणून गेला आणि त्याने या प्रश्नाचं उत्तर आपल्यापुरतं देऊन टाकलं: हिंदुस्थानी तेवढे सगळे ब्रिटिश प्रजा. १८६० मध्ये त्याने फर्मान काढलं की हिंदुस्थानी लोकांनी आपले गुलाम सोडून द्यावेत. तीन हजारांहून अधिक माणसं मोकळी झाली. वकिलातीत येऊन एकेकाने मुक्ततेचा दाखला घ्यायचा. काल ज्याची जकात भरून घेतली होती, तोच माणूस आज कागद हातात घेऊन सावकाराच्या दारावरून जाऊ लागला. एका अधिकाऱ्याने एका शब्दाचा अर्थ ठामपणे लावला म्हणून हे घडलं, यावर विश्वास बसत नाही.

तितक्याच सहज ते उलटलंही. रिग्बी गेला, ढील आली, आणि आम्ही झांझिबारच्या सुलतानाच्या आश्रयाखालचे, इंग्रजांचे नव्हे, असं म्हणायची वाट कच्छींना पुन्हा मोकळी झाली. माणूस तोच, दुकान तेच. कागदावर नाव कुठे लिहिलं आहे एवढाच फरक, आणि त्या फरकावर दुसऱ्याचं सबंध आयुष्य टांगलेलं. ब्रिटिशांच्या या कामाचं मोठेपण मी मान्य करतो, पण ही ढिलाई त्यांच्याच दप्तरातली आहे हे विसरायचं नाही.

कुलूप उघडायची किल्ली अखेर भूजला सापडली. १८६९ मध्ये कच्छचे राव प्रागमलजी यांनी जाहीरनामा काढला: झांझिबारमधल्या माझ्या प्रजेला गुलामांच्या बाबतीत ब्रिटिश प्रजेप्रमाणेच वागवावं. पुढे १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायची मागणी घेऊन सर बार्टल फ्रेअर यांचं शिष्टमंडळ सुलतान बर्गशकडे गेलं. हे फ्रेअर आपल्याला परके नाहीत. साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथे रेसिडेंट होते, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. सोबत त्यांनी कच्छच्या कारभाराची माहिती असलेले काझी शहाबुद्दीन यांना घेतलं होतं. सुलतान बधला नाही. फ्रेअर रिकाम्या हाताने परतले आणि मागे राहिलेल्या ब्रिटिश वकील जॉन कर्कने आरमाराची नाकेबंदी करू अशी धमकी देऊन ५ जून १८७३ रोजी तहावर सही मिळवली. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. या तहात एक कलम मुद्दाम होतं: ब्रिटिश संरक्षणाखालच्या हिंदुस्थानी संस्थानांच्या प्रजेलाही गुलाम बाळगता येणार नाहीत. म्हणजे कच्छी सुटला नाही, आणि आपल्या भागातला कुणी निजामाची प्रजा म्हणून तिकडे पोचला असता तर तोही सुटला नसता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट मात्र झांझिबारची नाही, नाशिकची आहे. आरमाराने पकडलेल्या गलबतांतली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांना परत कुठे पाठवणार? गाव आठवत नाही, आईबाप मेलेले. विल्यम प्राइस या मिशनऱ्याने नाशिकजवळ वसवलेल्या शरणपुरात १८६०पासून त्यांच्यासाठी आश्रम सुरू झाला. गोदाकाठी ती वाढली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. लिव्हिंग्स्टनने आपल्या शेवटच्या सफरीसाठी यांच्यातलेच काही निवडले.

१ मे १८७३ रोजी, म्हणजे तो तह होण्याच्या महिनाभर आधी, लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला. बरोबरच्या माणसांनी ठरवलं की देह त्याच्या देशी पोचवायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, देह दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. पुरताना प्रार्थना वाचली ती नाशिकच्या जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग त्यांच्यातल्याच सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने ते ओझं खांद्यावर घेऊन ही माणसं नऊ महिन्यांनी बागामोयोच्या किनाऱ्याला लागली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली, तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत जेकब होता. एके काळी गुलाम म्हणून विकला गेलेला, शरणपुरात शिकलेला मुलगा.

त्यानंतर लवकरच प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि तिथे सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती उभारली. तिचं नाव फ्रेअरटाउन. शरणपूरचे बरेच जण तिकडे गेले, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड यांच्यासारखे आधीच पोचलेले शिक्षक आणि प्रचारक त्यांच्या मदतीला होते. तिथे यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासाला हयात होता.

नाशिकचा शरणपूर रोड आज सगळ्यांच्या पायाखालचा आहे. नाशिककरांनो, त्या रस्त्यावर एखाद्या भिंतीवर या मुलांची नावं लिहा. जेकब वेनराइटपासून सुरुवात करा.