चौलच्या खाडीतले खुंट आणि विज्ञानकथेचे बीज

मार्च 1508 मध्ये कुंडलिका नदीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यासमोर, एक मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला कैरोच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि त्याच्या मदतीला आलेला दीवचा सुभेदार मलिक अयाझ. दुसऱ्या बाजूला चौल बंदरात नांगर टाकून बसलेला पोर्तुगीजांचा छोटा ताफा. या ताफ्याचा प्रमुख होता लोरेन्सू द आल्मेदा, पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कू द आल्मेदा याचा मुलगा. पोर्तुगीज मागे हटू लागले, तेव्हा लोरेन्सूच्या जहाजाला गळती लागली होती. ते प्रवाहाबरोबर वाहत गेले आणि कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत जाऊन अडकले. जहाज निघता निघेना. पोर्तुगीज बखरकार सांगतात की तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावरही लोरेन्सू डोलकाठीपाशी बसून हुकूम सोडत राहिला आणि दुसऱ्या गोळ्याने मेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांना आरमारी लढाईत बसलेला हा पहिला मोठा फटका.

पुढे जे झाले ते याहून मोठे आहे. फ्रान्सिस्कूच्या जागी नेमलेला आफोन्सू द आल्बुकर्क भारतात पोहोचला होता, पण मुलाचा सूड घेतल्याशिवाय बाप अधिकार सोडायला तयार होईना. 3 फेब्रुवारी 1509 रोजी त्याने दीवसमोर मामलुक आणि गुजरातच्या आरमाराचा धुव्वा उडवला. त्या दिवसापासून या समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता बसली असे इतिहासकार मानतात.

आता एखाद्या अनाम कोळ्याने तो खुंट दोन हात अलीकडे ठोकला असता तर? लोरेन्सू निसटतो, बाप सूडाला पेटत नाही, दीवची लढाई त्या दिवशी आणि त्या त्वेषाने होत नाही. पुढे गोवा, वसई, मुंबई यांचे काय झाले असते?

विज्ञानकथेला नवी कल्पना कुठे मिळते, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे: अशा एका खऱ्या, छोट्या, तपासून घेतलेल्या गोष्टीत. परग्रहावरच्या युद्धांत आणि झगा फडकावत उडणाऱ्या माणसांत आता फारसे काही उरलेले नाही; ती जमीन इतरांनी कसून झाली आहे. रेवदंड्याभोवतीची वीसेक किलोमीटरची जागा घेतली, तरी एका लेखकाला आयुष्यभर पुरेल इतके बियाणे तिथे पडून आहे.

ही रीत मराठीला नवी नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिला क्रमांक मिळाला आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत सबंध जग बदलते ते एका गोळीमुळे. 1761 मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेच्या जगात चुकते आणि मराठे पानिपत जिंकतात. नारळीकरांनी बदलली ती एकच गोष्ट. बाकीचे सगळे तर्काने त्या एका बदलामागोमाग येते. नवशिक्या लेखकांचे नेमके इथेच बिनसते: ते एका कथेत दहा गोष्टी बदलतात आणि मग वाचकाला कशाचेच आश्चर्य वाटत नाही.

खुंटाच्या कथेलाही हाच नियम. त्यासाठी कुंडलिकेची भरती-ओहोटी किती जोराची, गळके जहाज पाण्यात किती खोल बसते, जाळ्याचा खुंट किती ताण सोसतो, हे काढावे लागेल. सुरुवातीच्या स्थितीतला किंचित फरक पुढे प्रचंड होऊ शकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये हवामानाच्या गणितातून दाखवले. त्याचे उदाहरण म्हणून ब्राझीलमध्ये पंख हलवून दूरवर वादळ उठवणारे फुलपाखरू जगभर उडते आहे. आपल्या कोळ्याचा खुंट त्याहून ठोस आहे.

रेवदंड्याच्या उत्तरेला सुमारे सतरा किलोमीटरवर अलिबाग. तिथल्या समुद्राकडे पर्यटकांची रीघ असते, पण किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेकडे क्वचितच कोणी वळून बघतो. माझ्या मते महाराष्ट्रातल्या विज्ञानकथेचे सर्वांत सुपीक ठिकाण हेच.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले. रुळांतून वाहणाऱ्या विजेमुळे आजूबाजूला चुंबकीय गोंधळ माजतो आणि नाजूक उपकरणे खोटे बोलू लागतात. म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवले गेले. अलिबागच्या नोंदी 1904 मध्ये सुरू झाल्या, दोन्ही ठिकाणची मापे जुळतात का हे पाहण्यासाठी काही काळ एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या, आणि मुंबईत विजेची ट्रॅम धावली ती 1907 मध्ये. अलिबागच्या मापनकक्षांच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले आहेत. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. कुलाबा आणि अलिबाग मिळून ही नोंदमाला जगातल्या सर्वांत दीर्घ नोंदमालांपैकी एक ठरते.

या मालेतले एक पान जगप्रसिद्ध आहे. 1 आणि 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरच्या स्फोटामुळे इतिहासात नोंदलेले सर्वांत प्रखर चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्याला माणसे उपकरणावरचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत होती. तिथे क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याचे दिसते. या जुन्या आकड्यांवर आधारलेला शोधनिबंध 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते, आणि 1859 चे वादळ किती मोठे होते याचा जगाला अंदाज आला तो मुंबईच्या वहीवरून.

लेखकाने इथे थोडे थांबावे. वेधशाळेच्या आलेखावर दिवस-रात्रीचा चढउतार दिसतो, सौर वादळे दिसतात, जवळून लोखंड गेले तर तेही दिसते. अशा आलेखावर एखादी खूण दर अमावस्येला उमटत असेल आणि सूर्याशी तिचा काही संबंध नसेल तर? किंवा अशी एखादी मुलगी, जी आवाराच्या कुंपणाजवळून गेली की आलेख हलतो. परदेशी चित्रकथांमधला चुंबकमाणूस पूल उचलतो आणि जहाजे फेकतो. या मुलीला टाचणीही उचलता येत नाही. तिला फक्त क्षेत्र जाणवते, जसे आपल्याला वारे जाणवते. मग 1859 सारखे वादळ येण्याआधी तिला काय होईल? तसे वादळ आज आले तर वीजवाहिन्या, उपग्रह आणि दिशादर्शन प्रणाली धोक्यात येतील, हे शास्त्रज्ञ सांगतातच. शक्ती लहान आणि संकट खरे असले की महानायकाची गोष्ट आपोआप उभी राहते. शक्ती अमर्याद ठेवली की मात्र लेखकाला दर पानावर नवा राक्षस शोधत बसावे लागते.

महानायकांचा विषय निघाला की मराठी वाचकांच्या एका पिढीला वेताळ आठवतो. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो घरोघरी आला. ली फॉक यांनी 1936 मध्ये निर्माण केलेल्या या नायकाच्या वंशाची सुरुवात 1536 मध्ये होते: चाचे जहाज लुटतात, एकटा तरुण किनाऱ्याला लागतो आणि शपथ घेतो. त्या साली रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला उभा राहून बारा वर्षे झाली होती. म्हणजे चाचे, गलबते आणि फुटलेली जहाजे यांसाठी वेताळाच्या काल्पनिक बेंगालाला जायची आपल्याला काहीच गरज नव्हती.

याच किनाऱ्यावर जहाज फुटल्याची एक खरीखुरी परंपरागत कथा आहे. बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या आठवणीप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीचे बुडाले, आणि धर्मग्रंथही बुडाले. वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली आणि गावांवरून आडनावे पडली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, चेऊलकर. रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आहे. ग्रंथ नसताना त्यांनी जपले ते शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शेमा ही प्रार्थना.

शेकडो वर्षे चालणाऱ्या अंतराळयानात पिढ्या जन्मतात आणि मरतात, ही विज्ञानकथेची जुनी कल्पना. त्या कथांत लेखक यंत्रांची फार काळजी घेतात आणि माणसांच्या आठवणीकडे पुरेसे बघत नाहीत. यानाचा संगणक जळाला, सगळी माहिती गेली आणि चौदा माणसे उरली तर पन्नासाव्या पिढीत काय शिल्लक राहील? बेने इस्राएलांच्या परंपरेवरून अदमास बांधता येतो. दर सातव्या दिवसाची सुट्टी राहील, ताटात काय घ्यायचे आणि काय नाही हे राहील, संकटात म्हणायची एक ओळ राहील. तारखा आणि राजांची नावे जातील.

खाडीपलीकडच्या कोर्लईत याची दुसरी बाजू दिसते. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. मूळ देशाशी संपर्क तुटल्यावर भाषा कशी वळते याचा हा जिवंत नमुना. मंगळावरची वसाहत रंगवणाऱ्याने तिथली माणसे शुद्ध पुणेरी बोलताना दाखवू नयेत, एवढे तरी यातून घ्यावे.

सजीवांबद्दल थोडक्यात, कारण ते ज्याने त्याने ओहोटीला जाऊन पाहावे. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी हा मासा त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो. अट एकच, अंग ओले राहिले पाहिजे. महानायकाला शक्तीबरोबरच दुबळेपणाही द्यावा लागतो, तो इथे निसर्गानेच जोडून दिला आहे. तिवराचे झाड मुळांतून शिरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. आणि ज्याच्यासाठी अलिबागकर जीव टाकतात तो जिताडा मासा जन्मतो नर आणि काही वर्षांनी मादी होतो. उर्सुला ले ग्विन यांनी 1969 च्या कादंबरीत लिंग बदलणारी माणसे कल्पिली, तेव्हा समीक्षक थक्क झाले. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, तळ्यांत जिताडे पाळणाऱ्यांनी ती वाचली असती तर कदाचित मान डोलावून पुढे गेले असते.

खारेपाटाचेच आणखी एक बीज. समुद्राचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला उधाणात खांड पडली की एकट्यादुकट्याचे काम नसते. सारे गाव चिखलात उतरते, तेव्हा भातशेती वाचते. महानायक म्हणजे एकच माणूस, ही समजूत आपण बाहेरून आणली. एक शक्ती तीनशे माणसांत वाटली गेली आहे आणि त्यातले चाळीस जण मुंबईला नोकरीला गेले आहेत, ही कथा खारेपाटातलाच कोणी लिहू शकेल.

आणि कोणाला वाटत असेल की अद्भुत लिहायला अद्भुत देश लागतो, तर अफनासी निकितिनकडे पाहावे. त्व्हेरचा हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. त्याच्या टिपणांत घोड्यांच्या बाजाराचे आणि मालाचे तपशील आहेत. त्याच टिपणांत रात्री ओरडणारा एक पक्षीही आहे: तो ज्या घरावर बसेल तिथे माणूस मरतो आणि त्याला मारायला जावे तर चोचीतून आग निघते. शिवाय एक वानरांचा राजा, जो तक्रार आली की आपले सैन्य पाठवतो. ऐकीव गोष्टीही निकितिनने बाजारभावाच्याच सुरात, शांतपणे लिहून ठेवल्या. विज्ञानकथेला नेमका हाच सूर लागतो.

रायगडातल्या शाळा-कॉलेजांतल्या लिहित्या मुलांना म्हणून एक विनंती. पुढची कथा न्यूयॉर्कच्या गच्चीवर सुरू करू नका. रेवदंड्याच्या पुलावर उभे राहा, ओहोटीला पाणी कोणत्या बाजूने ओढते ते बघा, आणि 1508 च्या त्या खुंटापासून लिहायला घ्या.