कंपायलरच्या पायऱ्या

मावळातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत, डाव्या टोकाला, ब्राह्मी लिपीतला एक छोटासा लेख कोरलेला आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा त्याचा आशय. हा आशय आपल्यापर्यंत एका उडीत पोचलेला नाही. अभ्यासक प्रथम ब्राह्मी अक्षरे ओळखून ती देवनागरीत लिहून काढतात. हाती येते ती प्राकृत. मग तिची ‘संस्कृत छाया’ तयार करतात : ‘सेठि’चे ‘श्रेष्ठी’, ‘सेलघर’चे ‘शैलगृह’, ‘उतम’चे ‘उत्तम’. शेवटी मराठी अर्थ लिहिला जातो.

या पद्धतीत एक गंमत आहे. पहिल्या टप्प्यात ‘हे अक्षर कोणते?’ एवढाच प्रश्न असतो. दुसऱ्यात ‘हा शब्द कोणता?’ आणि तिसऱ्यात ‘वाक्याचा अर्थ काय?’ दरवेळी एकाच प्रकारची अडचण सोडवायची, आणि पुढे शंका आलीच तर नेमके कोणत्या टप्प्यावर परत जायचे हेही ठाऊक असते.

संगणकाला आपण लिहिलेली आज्ञावली समजते तीही अशाच टप्प्याटप्प्याच्या भाषांतराने. हे भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. तो मधल्या भाषा का वापरतो आणि त्या प्रवासात त्याला काय जपावे लागते, ते आपण पाहू.

माणूस आणि यंत्र यांतील अंतर

संगणकाच्या प्रक्रियकाला (प्रोसेसरला) येणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात. स्मृतीतून एक संख्या आण, दोन संख्यांची बेरीज कर, तुलना कर, अमुक आज्ञेकडे उडी मार, बस्स! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला, तेव्हा त्याच्यासाठी यंत्राच्याच भाषेत आज्ञा लिहाव्या लागत. दरम्यान अमेरिकेत आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा व तिचा कंपायलर तयार केला होता. १९६४ मध्ये टाटा संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला आणि तेथील शास्त्रज्ञांना गणिती सूत्रे जवळजवळ सूत्रांसारखीच लिहिता येऊ लागली. सूत्रापासून यंत्राच्या आज्ञांपर्यंतचे अंतर तोडण्याचे काम कंपायलरकडे गेले.

एका बिलाचा प्रवास

लोणावळ्यातल्या एखाद्या चिक्कीच्या दुकानाचे बिल करायचे आहे असे समजा. चिक्कीचा दर आणि वजन (किलो) यांचा गुणाकार करायचा आणि बारा रुपयांची पाच खोकी त्यात मिळवायची. चिक्कीच्या किमतीचा विसावा भाग कर म्हणून वेगळा दाखवायचा. (संगणकाच्या भाषांत गुणाकार-भागाकाराची चिन्हे वेगळी असतात. येथे शाळेतलीच घेतली आहेत.)

बिल = दर × किलो + ५ × १२
कर = दर × किलो ÷ २०

पहिला टप्पा शब्द ओळखण्याचा. कंपायलरला सुरुवातीला नुसती अक्षरांची रांग दिसते. ‘ब’ला लागलेली वेलांटी आणि ‘ल’ मिळून ‘बिल’ हे एक नाव होते, ‘१’ आणि ‘२’ मिळून ‘१२’ ही एक संख्या होते, हे ठरवावे लागते. पहिल्या ओळीचे असे नऊ तुकडे पडतात. अर्थाचा विचार अजून सुरूही झालेला नसतो.

दुसरा टप्पा व्याकरणाचा. या तुकड्यांचे एक झाड तयार होते. शेंड्याला ‘=’, त्याच्या एका फांदीला ‘बिल’, दुसऱ्या फांदीला ‘+’, आणि ‘+’ला दोन फांद्या : एकीवर ‘दर × किलो’, दुसरीवर ‘५ × १२’. फळ्यावर हे झाड काढून पाहावे. आधी गुणाकार, मग बेरीज हा नियम आपण मुलांना शिकवतो. झाड झाल्यावर तो नियम लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही, कारण तो झाडाच्या आकारातच उतरलेला असतो. कंसही त्यामुळेच नाहीसे होतात.

तिसऱ्या टप्प्यात झाड मोडून साध्या ओळींची यादी केली जाते. नियम असा की एका ओळीत एकच क्रिया. मधली उत्तरे ठेवायला तात्पुरती नावे घ्यायची :

त१ = दर × किलो
त२ = ५ × १२
त३ = त१ + त२
बिल = त३
त४ = दर × किलो
त५ = त४ ÷ २०
कर = त५

ही भाषा माणसाला कंटाळवाणी आणि यंत्राला अजून परकी. पण तपासणीसाठी तिच्यासारखी सोयीची भाषा नाही. चौथ्या टप्प्यात कंपायलर याच यादीवरून नजर फिरवतो. ५ × १२ चे उत्तर कधीच बदलणार नाही, मग ६० आताच लिहून टाकू. दर × किलो हा गुणाकार दोनदा आला आहे, तो एकदाच करू. सात ओळींच्या तीन होतात :

त१ = दर × किलो
बिल = त१ + ६०
कर = त१ ÷ २०

पाचव्या टप्प्यात प्रथमच प्रत्यक्ष यंत्राचा विचार होतो. तात्पुरती नावे आपण हवी तितकी घेतली, पण प्रक्रियकाच्या आतले कप्पे, म्हणजे रजिस्टर, मोजकेच असतात. नेहमीच्या टेबलावरच्या संगणकात सर्वसाधारण कामाचे कप्पे बहुधा सोळा असत. कोणते उत्तर कोणत्या कप्प्यात ठेवायचे, कोणते स्मृतीत परत पाठवायचे, हे ठरले की ओळींचे रूपांतर त्या यंत्राच्या आज्ञांत होते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केलेला ‘जीसीसी’ हा कंपायलर कोणालाही मोफत वापरता येतो आणि आतून उघडूनही पाहता येतो. त्यातल्या झाडाच्या भाषेचे नाव ‘जेनेरिक’, एका ओळीत एक क्रिया असणारी ती ‘गिंपल’ आणि यंत्राजवळची ती ‘आरटीएल’. शेवटची भाषा त्यात सुरुवातीपासून होती. पहिल्या दोन २००५ मध्ये, चौथ्या आवृत्तीत आल्या. झाडाच्या आणि यंत्राच्या मध्ये एक पायरी कमी पडते, हे अनुभवानेच कळले.

अर्थ ढळता कामा नये

आपण दुसरा गुणाकार गाळला खरा, पण तो गाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? समजा, दर ३०० आणि वजन २ किलो आहे. बिल ६६० आणि कर ३० येतो. आता बिलाच्या आणि कराच्या ओळींच्या मध्ये कोणी ‘दर = दर + १०’ अशी ओळ लिहिली, तर कर ६२० चा विसावा भाग, म्हणजे ३१ यायला हवा. जुना गुणाकार वापरणारा कंपायलर ३० हेच उत्तर देईल, आणि लिहिणाऱ्याला आपल्या आज्ञावलीत चूक कोठे आहे ते कितीही शोधले तरी सापडणार नाही, कारण तेथे ती नाहीच! म्हणून कोणती किंमत कोठून कोठपर्यंत खरी राहते याचा काटेकोर हिशेब कंपायलरला ठेवावा लागतो. या शास्त्राला ‘डेटा फ्लो अॅनालिसिस’ म्हणतात.

आज्ञावलीला फाटे असतात तेव्हा हा हिशेब अवघड होतो. खंडाळ्याच्या घाटात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही ठिकाणी वेगळे होऊन पुन्हा एकत्र येतात, तसे दोन मार्ग डोळ्यांसमोर आणा. एका मार्गावर दर × किलो काढलेले आहे, दुसऱ्यावर नाही, आणि एकत्र आल्यावर ते पुन्हा काढले आहे. पहिल्या मार्गाने येणाऱ्याला तो गुणाकार दोनदा करावा लागतो. उपाय असा की दुसऱ्या मार्गावरही तो करून घ्यावा आणि मार्ग मिळाल्यानंतरचा गाळून टाकावा. कोणत्याही मार्गाने गेले तरी काम पूर्वीपेक्षा वाढत नाही, एका मार्गाने मात्र कमी होते.

ही कल्पना मोरेल आणि रेनव्हाज यांनी १९७९ मध्ये मांडली. ती अधिक कार्यक्षम आणि व्यवहारात वापरण्याजोगी करण्यात मुंबईच्या आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांच्या १९८८ आणि १९९१ सालच्या लेखांचा मोठा वाटा आहे. अशा विश्लेषणाला किती श्रम पडतात यावर ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी १९९३ मध्ये शोधनिबंध सादर केला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी २००९ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. जीसीसीच्या अभ्यासासाठी मुंबईच्या आयआयटीत एक केंद्रही सुरू झाले आणि त्याने या कंपायलरच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या.

मधली भाषा सर्वांची

मधल्या भाषेचा आणखी एक फायदा साध्या गुणाकाराने समजतो. पाच संगणकभाषा आणि चार प्रकारची यंत्रे असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा, असे वीस भाषांतरकार लागतील. पण मधली भाषा एकच ठरवली तर तिच्यापर्यंत आणणारे पाच आणि तिच्यापासून पुढे नेणारे चार, असे नऊ पुरतात. १९५८ मध्ये ‘अनकोल’ नावाने अशी सर्वांना चालणारी एकच भाषा सुचवली गेली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. एका भाषेने दोन्ही टोकांना जवळचे असणे फार कठीण. यश आले ते एकाऐवजी अनेक पायऱ्या घेतल्यावर.

२००० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि मुंबई आयआयटीचे पदवीधर विक्रम अडवे यांनी ‘एलएलव्हीएम’ची सुरुवात केली. रस्ट, स्विफ्ट अशा नव्या भाषा याच मधल्या भाषेवर उभ्या आहेत. त्यांच्या कर्त्यांना प्रत्येक यंत्रासाठी शेवटचा टप्पा नव्याने लिहावा लागला नाही. १९९५ मध्ये आलेल्या जावाने तर मधली भाषाच प्रवासाला पाठवली. आज्ञावली ‘बाइटकोड’च्या रूपात वाटली जाते आणि यंत्राच्या आज्ञा ज्याच्या त्याच्या संगणकावर तयार होतात.

आपल्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मराठी शब्दांत आज्ञा देता येतील अशी संगणकभाषा शाळेतल्या मुलांसाठी कोणाला करायची असेल, तर सगळा कंपायलर लिहावा लागत नाही. शब्द ओळखणे, झाड करणे आणि ते तयार मधल्या भाषेत उतरवणे एवढेच नवे काम. पुढची वाट आधीच बांधलेली आहे. २००८ पासूनच्या पायथन भाषेत ‘दर’, ‘बिल’ अशी देवनागरी नावे चालतातही. इंग्रजी राहतात ते मूळ आज्ञांचे शब्द.

वर्गात करून पाहा

शाळेत संगणक असल्यास पायथनमधील ‘डिस’ या साधनाने आपल्याच दोन ओळींचा बाइटकोड मुलांना दाखवता येईल. संगणक नसला तरी अडत नाही. वर्गाचे चार गट करावेत. पहिल्याने सूत्राचे तुकडे पाडावेत, दुसऱ्याने झाड काढावे, तिसऱ्याने एका ओळीत एक क्रिया लिहावी, चौथ्याने अनावश्यक ओळी गाळाव्यात. अट एकच : प्रत्येक गटाला फक्त आधीच्या गटाची चिठ्ठी मिळेल, मूळ सूत्र मिळणार नाही. शेवटी मूळ सूत्रात आणि शेवटच्या चिठ्ठीत त्याच संख्या घालून उत्तरे ताडून पाहावीत. ती जुळली नाहीत तर चिठ्ठ्या उलट क्रमाने तपासाव्यात आणि अर्थ नेमका कोणत्या पायरीवर निसटला ते मुलांनाच शोधू द्यावे.