समुद्राने नेलेले बंदर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, डनिच नावाचे एक लहानसे खेडे आहे. इंग्रजीत हे नाव लिहिताना त्यात एक जादा अक्षर घालतात. परंतु लिहिलेले सगळेच उच्चारावयाचे नाही, ही इंग्रजांची रीतच आहे. या खेड्यापर्यंत आगगाडी जात नाही. डार्शम नावाच्या लहान स्थानकावर उतरून, पुढे शेतांमधून व झाडीतून जाणाऱ्या अरुंद रस्त्याने समुद्राकडे यावे लागते. गावात विटांची काही टुमदार घरे, एक जुनी खाणावळ, एक चर्च आणि एक छोटेसे संग्रहालय आहे. रस्ता संपतो तेथे गारगोट्यांचा उंच बांध आणि त्यापलीकडे करड्या पाण्याचा उत्तर समुद्र. उन्हाळ्यात सहलीला आलेली माणसे किनाऱ्यावर बसून तळलेले मासे व बटाट्याचे काप खातात, मुले पाण्यात गोटे फेकतात आणि संध्याकाळ झाली की सारे परततात. एखाद्यास वाटावे, येथे पाहण्यासारखे ते काय आहे?

संग्रहालयात एका मोठ्या नगराची लहान प्रतिकृती मांडलेली आहे. तिच्यात भरगच्च वस्तीचे रस्ते आहेत, बाजारचौक आहे, अर्ध्या डझनाहून अधिक चर्चे आहेत आणि गलबतांनी भरलेले बंदर आहे. हेच सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे डनिच होय. त्या काळी येथून लोकर परदेशी जाई आणि फ्रान्समधून मद्याची पिंपे येत. येथे जहाजे बांधली जात आणि युद्धप्रसंगी राजाही येथील जहाजे मागवी. इ. स. ११९९ मध्ये जॉन राजाने नगराला सनद दिली. मासळीचा धंदा तर त्याहूनही जुना. इ. स. १०८६ मध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने इंग्लंडातील जमिनींची मोठी मोजदाद झाली. तिच्या दफ्तरात डनिचने द्यावयाचे हेरिंग मासे नोंदलेले आहेत : ६८,००० !

त्याच दफ्तरात आणखी एक छोटी नोंद आहे. पूर्वी येथे दोन नांगरांची जमीन होती. आता एकाच नांगराची उरली आहे, दुसरी समुद्राने नेली. म्हणजे नगर भरभराटीला येत असतानाच समुद्राने आपले काम सुरू केले होते.

हे काम समुद्राला फारसे अवघड नव्हते. आपल्याकडील सह्याद्रीचा खडक काळा व कठीण आहे. डनिचचा कडा मात्र वाळू व बारीक खडी यांचा बनलेला आहे. मुलांनी बोटाने उकरला तरी भुरभुर खाली यावा, इतका तो सैल आहे. वादळात उंच लाटा कड्याच्या पायथ्यापर्यंत पोचतात व तेथील वाळू ओढून नेतात. पाया पोखरला की वरची दरड आपल्याच भाराने कोसळते. पुढच्या लाटा तो ढिगारा धुऊन नेतात आणि पुन्हा पायथ्याला भिडतात. शतकांचा हिशेब केला तर कडा वर्षाला सरासरी सुमारे एक मीटर मागे हटला आहे. पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. कधी वर्षानुवर्षे काहीच घडत नाही आणि कधी एका रात्रीत कित्येक मीटर जमीन नाहीशी होते.

इ. स. १२८६ च्या जानेवारीत असेच एक भयंकर वादळ झाले. समुद्राला उधाण येऊन नगराचा बराच भाग वाहून गेला. तरीही लोक खचले नाहीत. करडे झगे घालणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा मठ समुद्राच्या तडाख्यात सापडला, तेव्हा त्यांनी तो थोडा आत, उंचावर नव्याने बांधला. त्याची दगडी वेस आणि काही भिंती आजही उभ्या आहेत.

खरा घाव बसला तो इ. स. १३२८ मध्ये. डनिचचे बंदर म्हणजे नदीचे मुख होते. नदी व समुद्र यांच्यामध्ये गारगोट्यांचा व वाळूचा एक लांब दांडा होता आणि लाटांबरोबर तो दक्षिणेकडे सरकत असे. त्या वर्षीच्या वादळाने हा दांडा बंदराच्या तोंडावरच आणून टाकला. नदीला वाट उरली नाही. तिने उत्तरेकडे, वॉल्बर्स्विक गावाच्या बाजूला, दुसरे मुख फोडले. डनिचच्या लोकांनी जुनी वाट मोकळी करण्यासाठी पुष्कळ कष्ट केले, पण नदी वळली नाही. गलबते आता शेजारच्या गावांकडे जाऊ लागली. जकात कोणी घ्यावयाची यावरून डनिच आणि त्याच्या शेजाऱ्यांत अनेक वर्षे कडाक्याचे तंटे झाले.

समुद्राने डनिच बुडविले, असे सर्वजण म्हणतात. ते खरे आहे, पण अर्धेच. जमीन पूर्वीही जात होती. मात्र तेव्हा बंदरात पैसा होता, म्हणून वाहून गेलेले पुन्हा उभारण्याची हिंमतही होती. बंदर गेल्यावर व्यापारी निघून गेले. मागे राहिलेल्यांपाशी ना धन उरले, ना उमेद. मग रस्त्यामागून रस्ता आणि चर्चमागून चर्च कड्यावरून खाली जात राहिले. गंमत अशी की, नगर गेले तरी त्याचा मान गेला नाही. मूठभर मतदारांचे हे खेडे इ. स. १८३२ पर्यंत लंडनच्या पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी पाठवीत होते. त्या वर्षी नवा कायदा झाला, तेव्हा कोठे हा प्रकार थांबला.

जुन्या चर्चांपैकी ऑल सेंट्स हे शेवटचे. अठराव्या शतकातच लोकांनी ते सोडून दिले होते. इ. स. १९०४ मध्ये कड्याची धार त्याच्यापाशी येऊन ठेपली आणि भिंती एकेक करून ढासळू लागल्या. इ. स. १९१९ मध्ये त्याचा मनोराही कोसळला. या चर्चचा एक दगडी धिरा तेवढा लोकांनी वेळीच उचलून गावातील सध्याच्या चर्चच्या आवारात नेऊन ठेवला. तो तेथे आजही पाहावयास मिळतो.

वादळी रात्री समुद्रातून बुडालेल्या चर्चांच्या घंटा ऐकू येतात, अशी दंतकथा या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. कथा सुंदर आहे. पण थोडा विचार केला तर ती टिकत नाही. मनोरे उभेच्या उभे पाण्यात बुडाले नाहीत, ते कड्यावरून कोसळून फुटले. शिवाय चर्च पडणार असे दिसू लागले की त्यातील मोलाच्या वस्तू लोक आधीच काढून नेत. मग पाण्याखाली आहे तरी काय? येथील पाणी इतके गढूळ असते की पाणबुड्याला हाताने चाचपूनच दगड ओळखावे लागतात. म्हणून साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्वनिलहरींचा उपयोग केला. तळावर आदळून परतणाऱ्या लहरींवरून त्यांनी तळाचे चित्र तयार केले आणि ते इ. स. १५८७ मध्ये राल्फ अ‍ॅगस याने काढलेल्या नकाशाशी ताडून पाहिले. जुन्या चर्चांच्या जागी दगडांचे ढीग आढळले. पाण्याखालच्या या नगराचा सविस्तर नकाशा इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

गावाच्या दक्षिणेस मोठा माळ आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस तो हेदर नावाच्या खुरट्या झुडपांच्या फुलांनी जांभळा होऊन जातो आणि तिन्हीसांजेला तेथे रातव्याचा घरघर आवाज ऐकू येतो. त्यापलीकडे मिन्समिअरची पाणथळ आहे. येथे पूर्वी कुरणे होती. इ. स. १९४० मध्ये जर्मन सैन्य या किनाऱ्यावर उतरेल, या भीतीने त्यांत मुद्दाम पाणी सोडण्यात आले. युद्ध संपले, पण पाण्याने एक नवल करून ठेवले होते. मोच्याच्या आरीसारखी वर वळलेली चोच असलेला काळापांढरा अ‍ॅव्होसेट पक्षी सुमारे शंभर वर्षे इंग्लंडात घरटी करीत नव्हता. इ. स. १९४७ मध्ये त्याने येथे पुन्हा पिले वाढविली ! आज पक्षी पाहणारे लोक दूरदूरहून येथे येतात आणि आडोशाच्या लाकडी खोपीत दुर्बिणी लावून तासन् तास निमूट बसतात.

उत्तरेकडे गोट्यांच्या बांधावरून चालत निघाल्यास पाचएक किलोमीटरवर वॉल्बर्स्विक लागते. गोट्यांवर पाय रुतत असल्याने ही वाट दिसते त्याहून लांब वाटते. तेथे ब्लाइद नदी समुद्राला मिळते. तिचे हे मुख इ. स. १५९० मध्ये माणसांनी खोदलेले आहे. डनिचला सोडून गेलेली नदी ती हीच. पलीकडच्या काठावर साउथवोल्ड हे टुमदार गाव असून त्याचा पांढरा दीपस्तंभ घरांच्या मधोमध उभा आहे. उन्हाळ्यात नाविक वल्ह्यांची छोटी होडी घेऊन काठाशी थांबलेला असतो आणि थोडे पैसे दिले की तो प्रवाशांना काही मिनिटांत पैलतीरी पोचवितो.